कोलोमेन्स्कोये येथील राजद्वार

१

मॉस्को शहराच्या दक्षिणेस, मॉस्क्वा नदीच्या उंच कांठावर, कोलोमेन्स्कोये नांवाचें एक ठिकाण आहे. रशियाच्या राजांची ही एके काळची खाजगी मिळकत व उन्हाळ्यांत राहण्याची जागा होय. ह्या गांवाचें नांव प्रथम आढळतें तें चौदाव्या शतकांत, इवान कलिता ह्या मॉस्कोच्या राजाच्या मृत्युपत्रांत. म्हणजे जें गांव पुढें राजवाड्यांमुळें प्रसिद्धीस आलें, तें इतिहासांत शिरलें तें एका दस्तऐवजाच्या द्वारें. कागदपत्रांच्या संग्राहकांस ही गोष्ट गोड वाटेल.

गेल्या भाद्रपदांत कांहीं दिवस मॉस्कोस राहण्याचा योग आम्हांस आला. त्यांतील एक सबंध दिवस आम्हीं ह्या ठिकाणीं काढिला. प्रस्तुत लेख प्रवासवर्णनाच्या हेतूनें लिहिलेला नाहीं. तेथील एका दरवाजाच्या निमित्तानें जुन्या वस्तूंच्या खरेपणाविषयीं जो विचार सुचला, तो मंडळाच्या सभासदांपुढें ठेवावा, एवढाच हेतु आहे. त्यांत आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुली ओघानें येईल.

२

भुयारी रेल्वेच्या स्टेशनावरून चालत निघालें म्हणजे सफरचंदाच्या बागांच्या कडेनें जाऊन आपण प्रथम स्पास्की दरवाजाशीं येतों. तारणहार ख्रिस्ताच्या प्रतिमेवरून त्यास हें नांव पडलें. परंतु ह्याचें मूळचें नांव ‘मागील दरवाजा’ असें आहे. राजाच्या अंगणाचा ‘पुढील दरवाजा’ नदीच्या अंगास आहे. हल्लींचा प्रेक्षक अशा रीतीनें राजवाड्याच्या आवारांत परसदारानें शिरतो, आणि महाद्वाराशीं शेवटीं पोंचतो. पोथीचीं पानें उलटीं लागलीं असतां वाचणाराची जी गत होते, तीच येथें होते. ज्या वस्तूनें आरंभ व्हावयाचा तिनें समाप्ति होते, आणि बहुतेक लोक तिच्या कमानींतून न थांबतां पलीकडच्या प्रसिद्ध देवळाकडे जातात.

तें देऊळ खरोखरच पाहण्यासारखें आहे. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या नांवानें बांधिलेलें, इ. स. १५३२ सालीं पुरें झालेलें, सुमारें ६२ मीटर उंचीचें, तंबूसारखें निमुळतें होत गेलेलें हें पांढरें शिखर नदीच्या कांठावरून दूरवर दिसतें. इ. स. १९९४ सालीं जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश झाला. पण आमचें काम दरवाजाशीं होतें. म्हणून आम्ही आधीं देवळाच्या पायथ्याशीं गेलों, नदीकडे पाठ केली, आणि तेथून राजाच्या अंगणाकडे, म्हणजे जुन्या काळच्या माणसाच्या वाटेनें, दरवाजाशीं आलों.

दरवाजा विटांचा असून त्यास पांढरा रंग दिलेला आहे. खालीं कमानी, वर एकावर एक मजले, आणि सर्वांवर उतरत्या छपराचें टोंकदार शिखर अशी त्याची घडण आहे. ह्या मनोऱ्यावर घड्याळ असे. दोहों बाजूंस दगड-विटांच्या बैठ्या इमारती लागून आहेत. एका बाजूस ‘प्रिकाझ’ म्हणजे कचेरीच्या खोल्या, दुसऱ्या बाजूस पहाऱ्यावरील सरदाराच्या खोल्या. आपल्याकडील वाड्याची देवडी, चौकी व कचेरी हीं जशीं एका रांगेंत असतात, तसाच हा प्रकार असल्यामुळें मराठी वाड्यांतून वावरलेल्या माणसास तेथें परकें वाटत नाहीं.

३

हा दरवाजा इ. स. १६७२–७३ च्या सुमारास, झार अलेक्सेइ मिखाइलोविच (राज्यकाल १६४५–१६७६) ह्याच्या कारकीर्दींत बांधला गेला. आंकडा दिसतो तितका सरळ नाहीं. इ. स. १७०० पूर्वीं रशियांत ख्रिस्ती सन चालत नसे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून वर्षें मोजीत, आणि वर्षारंभ १ सप्टेंबरला होई. सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांकरितां सृष्टिसनांतून ५५०९ आणि उरलेल्या आठ महिन्यांकरितां ५५०८ वजा केले म्हणजे ख्रिस्ती सन निघतो. ७१८१ हें साल म्हणजे १ सप्टेंबर १६७२ ते ३१ ऑगस्ट १६७३. कागदांत नुसतें वर्ष असून महिना नसेल, तर एका सृष्टिसनापोटीं दोन ख्रिस्ती सन संभवतात. रशियन इमारतींच्या सालांत जी एका वर्षाची ओढाताण वारंवार दिसते, तिचें एक कारण हें आहे.

सुहूर सन, फसली सन व शक ह्यांचा मेळ घालतां घालतां ज्यांचे केस पिकले, त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. आंकडे अक्षरांनीं लिहिण्याची चालहि त्या काळीं रशियांत होती. प्रत्येक अक्षरास ठरीव किंमत असे, व अक्षर नसून आंकडा आहे हें दाखविण्यास वर एक रेघ काढीत. आपल्या कटपयादि पद्धतींत अक्षराचें मोल स्थानावरून ठरतें, तेथें अक्षरांची बेरीज करावयाची, एवढा भेद. उदाहरणार्थ, शके १५९६ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस रायगडावर जो राज्याभिषेक झाला, त्याचें वर्ष मॉस्कोच्या चिटणिसानें ७१८२ असें लिहिलें असतें. म्हणजे हा दरवाजा व रायगडचें सिंहासन हीं जवळ जवळ जोडीचीं आहेत.

ह्या दोन राज्यांच्या मधल्या वाटेवर त्याच सुमारास एक माणूस चालत होता, हेंहि येथें सांगण्यासारखें आहे. ह्याच झारानें इ. स. १६७५ सालीं मुहंमद युसुफ कासिमोव्ह ह्यास औरंगजेबाकडे वकील म्हणून रवाना केलें. बुखाऱ्यावरून तो काबूलपर्यंत पोंचला. पुढें येण्याची परवानगी बादशहानें दिली नाहीं, व त्यास तेथूनच परत फिरावें लागलें. अफगाणांच्या ज्या बंडाळीमुळें औरंगजेबाचें लक्ष वायव्येकडे गुंतलें, आणि त्यायोगें दक्षिणेंत शिवछत्रपतींस अवकाश मिळाला, त्याच धामधुमीचा तो काळ होता. ज्या राजानें हा दरवाजा बांधविला, त्याच्या वकिलास दुसऱ्या एका राजाचा दरवाजा बंद राहिला.

४

साल नक्की करण्याचा आग्रह आम्ही कां धरतों, हें आतां सांगतों. कोलोमेन्स्कोये म्हटलें म्हणजे ‘तांब्याचें बंड’ आठवावयाचेंच. पोलंडशीं चाललेल्या युद्धाचा खर्च भागेना, तेव्हां सरकारनें रुप्याच्या भावानें तांब्याचीं नाणीं चालविलीं. पगार तांब्यांत द्यावयाचा आणि सारा रुप्यांत घ्यावयाचा, असा व्यवहार झाला. महागाई वाढली, खोटीं नाणीं पिकलीं. शेवटीं २५ जुलै १६६२ रोजीं (तेथील जुन्या गणनेनें) मॉस्कोच्या लोकांचा जमाव कोलोमेन्स्कोयेस आला. राजा देवळांत उपासनेस गेलेला होता. तो बाहेर येतांच लोकांनीं त्याच्या अंगरख्याच्या गुंड्या धरून जाब विचारिला. राजानें चौकशीचें वचन दिलें व एकाच्या हातावर हात मारून तें पक्कें केलें. पण मागाहून दुसरा जमाव आला, सैन्य सोडण्यांत आलें, पुष्कळ लोक मारले गेले व कित्येक नदींत बुडाले. पुढील वर्षीं तांब्याचीं नाणीं बंद झालीं.

ह्या प्रसंगाची जी तपशीलवार हकीकत आपणांस मिळते, ती बरीचशी ग्रिगोरी कोतोशिखिन नांवाच्या एका कारकुनाच्या लेखणींतून. परराष्ट्र-कचेरींतला हा माणूस इ. स. १६६४ सालीं पळाला, स्वीडनमध्यें आश्रयास राहिला, तेथें त्यानें रशियन राज्यव्यवस्थेचें वर्णन लिहिलें, आणि इ. स. १६६७ सालीं एका खुनाच्या आरोपावरून त्यास तेथें देहान्त शिक्षा झाली. त्याचें हस्तलिखित उप्साला येथील ग्रंथालयांत पावणेदोनशें वर्षें पडून होतें. एकोणिसाव्या शतकांत तें हातीं लागलें व इ. स. १८४० सालीं प्रथम छापलें गेलें. घरच्या राजाचा इतिहास परक्या मुलखांतील दफ्तरांत सांपडावा, हा अनुभव मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं.

आतां दरवाजाखालीं उभें राहिलें असतां मन सहज म्हणतें, ह्याच कमानींतून तो जमाव आंत लोटला असेल. आमच्याहि मनांत प्रथम तेंच आलें. परंतु बंड ७१७० सालचें आणि दरवाजा ७१८१ च्या सुमाराचा. मध्यें अकरा वर्षांचें अंतर आहे. ह्या कमानीनें तो जमाव पाहिलेला नाहीं. बंडानंतर राजानें भक्कम दरवाजा बांधिला, असें कार्यकारण जोडण्याचाहि मोह होतो. पण आधीं व नंतर एवढ्यानें कारण व कार्य ठरत नसतें. जुनी वस्तु जेवढी साक्ष देते तेवढीच घ्यावी, तिच्या तोंडीं आपले शब्द घालूं नयेत.

५

दरवाजा ज्या वाड्याचा होता, तो वाडा मात्र नाहीं. इ. स. १६६७ पासून पुढें हा लांकडी राजवाडा उभा राहिला. सेम्योन पेत्रोव्ह व इवान मिखाइलोव्ह हे त्याचे मुख्य सुतार. निरनिराळ्या आकारांच्या शिखरांचीं अनेक घरें एकमेकांस जोडून तो बनलेला होता, व त्याचीं दालनें २७० होतीं असें सांगतात. सिमेओन पोलोत्स्की ह्या दरबारी कवीनें त्यास जगांतील आठवें आश्चर्य म्हणून गौरविलें. राजाच्या आसनापाशीं यांत्रिक सिंह बसविलेले होते. ते डोळे फिरवीत व गर्जना करीत.

पुढें राजधानी पीटर्सबर्गास गेली आणि वाड्याची निगा राहिली नाहीं. लांकूड कुजत चाललें. दुसऱ्या कॅथेरिन राणीच्या आज्ञेनें इ. स. १७६८ च्या सुमारास तो उतरविण्यांत आला. तिनें शेजारीं बांधविलेला नवा वाडाहि टिकला नाहीं. पहिल्या अलेक्झांडरच्या वेळचा तिसरा वाडाहि गेला. त्याच्याबरोबरचा इ. स. १८२५ सालचा एक मंडप तेवढा उरला आहे. एकाच आवारांत तीन राजवाडे नाहींसे झाले, आणि कचेरीच्या व पहाऱ्याच्या खोल्यांसह दरवाजा राहिला. धनी गेले, देवडी उरली.

परंतु राणीनें एक गोष्ट शहाणपणाची केली. वाडा उतरविण्यापूर्वीं त्याचें मोजमाप होऊन आराखडे तयार झाले. शिवाय वाड्यांतील वस्तूंच्या व दुरुस्तीच्या जुन्या याद्या होत्याच. हिल्फर्डिंग ह्या चित्रकारानें वाड्याचें दृश्यहि रेखून ठेविलें होतें. एकोणिसाव्या शतकांत इवान झाबेलिन ह्या इतिहासकारानें राजघराण्याच्या घरगुती जीवनावरील आपल्या ग्रंथाकरितां अशा याद्यांचा कसून उपयोग केला. तो ग्रंथ इ. स. १८६२ पासून प्रसिद्ध होऊं लागला. लांकूड गेलें, कागद राहिला.

ह्या कागदांच्या आधारें एकविसाव्या शतकांत तो वाडा पुनः बांधण्यांत आला व इ. स. २०१० सालीं लोकांकरितां खुला झाला. तो मूळच्या जागीं नाहीं. त्याच आवाराच्या दक्षिणेकडील भागांत, बऱ्याच अंतरावर, जुन्या द्याकोवो गांवाच्या बाजूस तो उभा आहे. आम्ही दुपारीं चालत तेथें गेलों. शिखरें, रंग, जिने, सर्व कांहीं डोळे दिपविणारें आहे. मुलांचे घोळके फार आनंदांत होते. आम्हांसहि आनंद झाला, हें नाकबूल करीत नाहीं.

६

ह्याच आवारांत आणखी एक दरवाजा आहे, आणि त्यावांचून आमचा विचार पुरा होत नाहीं. दूर उत्तरेस श्वेत समुद्राच्या कांठीं, द्विना नदीच्या मुखाजवळ, निकोलो-कोरेल्स्की नांवाचा मठ होता. इ. स. १५५३ सालीं रिचर्ड चॅन्सलर हा इंग्रज खलाशी ह्याच मठाजवळ उतरला आणि इंग्लंड-रशियाच्या व्यापारास आरंभ झाला. त्या मठाचा लांकडी द्वार-मनोरा इ. स. १६९२ च्या सुमाराचा. (चॅन्सलरनें हाहि पाहिलेला नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.) प्योत्र बारानोव्स्की (१८९२–१९८४) ह्या वास्तुतज्ज्ञानें इ. स. १९२३ सालीं कोलोमेन्स्कोये येथें संग्रहालय स्थापिलें, आणि देशोदेशींच्या जुन्या लांकडी इमारती नाश पावण्यापूर्वीं उतरवून येथें आणण्याचा उद्योग आरंभिला. हा मनोरा इ. स. १९३२ सालीं आला. पुढच्याच सालीं खुद्द बारानोव्स्कीस सरकारनें अटक केली. मनोरा मात्र उभा राहिला. मठाच्या मूळ जागेभोंवतीं मागाहून जहाजबांधणीचा प्रचंड कारखाना झाला.

तेव्हां एका आवारांत तीन प्रकारच्या वस्तु आम्हांस दिसल्या. पहिली, झारचा पुढील दरवाजा: वस्तु मूळची, जागाहि मूळची. दुसरी, मठाचा द्वार-मनोरा: वस्तु मूळची, जागा परकी. तिसरी, नवा राजवाडा: वस्तु नवी, जागा नवी, आधार मात्र जुन्या कागदांचा. पोथ्यांच्या व्यवहारांतहि हेच तीन प्रकार आहेत. ज्या घरीं लिहिली त्याच घरच्या दफ्तरांत असलेली पोथी हा पहिला प्रकार. आपल्यासारख्यांनीं विकत घेऊन किंवा मागून आणून संग्रहांत ठेविलेली पोथी हा दुसरा. आणि निरनिराळ्या प्रती ताडून सिद्ध केलेला पाठ हा तिसरा. ह्यांतील कोणताहि प्रकार त्याज्य नाहीं. बारानोव्स्कीनें मनोरा हलविला नसता तर आज तो दिसता ना. पण दुसऱ्या प्रकारास ‘कोठून आणिली’ ह्याची नोंद पाहिजे, आणि तिसऱ्यास ‘हें नवें आहे’ अशी पाटी पाहिजे. नोंद गेली कीं दुसरा प्रकार अनाथ होतो. पाटी गेली कीं तिसरा लबाड होतो.

नव्या वाड्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. आमच्या मतें त्याचा सर्वांत मोठा गुण हा, कीं तो दरवाजामागें बांधिला नाहीं. पुढील दरवाजांतून आंत आलें म्हणजे उजेड, गवत, झाडें व मोकळी जागा एवढेंच दिसतें. त्या मोकळ्या जागेंत नवा वाडा बसविला असता, तर दोन पिढ्यांनीं दरवाजा व वाडा एकाच काळचे समजले गेले असते. जुन्या लेखकास मूळ प्रतींत अक्षरें न लागलीं तर तो तेवढी जागा कोरी सोडी, किंवा ‘त्रुटित’ अशी खूण करी. कोलोमेन्स्कोयेचें तें मैदान अशीच प्रामाणिकपणें कोरी सोडलेली जागा आहे.

७

आणि येथेंच आम्हांस आमचा अपराध आठवला. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका स्नेह्याच्या संग्रहांतील गोदामाहात्म्याच्या पोथीचें पहिलें पान गहाळ झालेलें होतें. पोथी सुंदर, अक्षर टपोरें. अपुरी पाहवेना. आमचें अक्षर त्या वळणाचें, म्हणून स्नेह्यांनीं गळ घातली. एका जुन्या वहींतला कोरा जुन्नरी कागद मिळाला. छापील प्रतीवरून आम्हीं तें पान बोरूनें, काळ्या शाईनें लिहून काढिलें, आणि पोथीस जोडलें. कोणास फसविण्याचा विचार स्वप्नांतहि नव्हता. पण समासांत ‘हें पान अर्वाचीन’ एवढे तीन शब्द लिहावयाचे, ते लिहिले नाहींत. शोभेस बाध येईल असें वाटलें.

पुढें सात-आठ वर्षांनीं एका अभ्यासकानें त्या पोथीचे पाठभेद छापिले. त्यांत पहिल्या पानाचे पाठ हस्तलिखिताचे म्हणून आले, आणि छापील ग्रंथास जुन्या प्रतीचा दुजोरा मिळाला असें अनुमान त्यानें काढिलें. दुजोरा कसला, तो छापील ग्रंथाचाच प्रतिध्वनि होता. आम्हीं त्यास पत्रानें सर्व कळविलें. त्यानें तें मोठ्या मनानें घेतलें. पण छापलेलें परत घेतां येत नाहीं. स्नेही आतां हयात नाहींत, त्यांचा संग्रह मुलांत व विकत घेणारांत वांटला गेला, आणि तें पान अद्यापि कोणाच्या तरी कपाटांत जुन्याचें सोंग घेऊन बसलें आहे.

रशियन लोकांनीं २७० दालनांचा वाडा कागदावरून उभा केला, आणि तो मूळच्या दरवाजापासून दूर ठेविला. आम्हांस एक पान वेगळें ठेवितां आलें नाहीं.

म्हणून सभासदांस विनंति आहे. गोदामाहात्म्याची अशी पोथी कोणाच्या संग्रहांत असेल, तर पहिलें पान काढून पाहावें. त्यावर प्रत्येक बाजूस नऊ ओळी आहेत, पुढील सर्व पानांवर दहा आहेत. समासाच्या तांबड्या रेघा पहिल्या पानावर एकेरी, इतरांवर दुहेरी आहेत. असें आढळल्यास तें पान फाडूं नये. समासांत शिसपेनीनें ‘अर्वाचीन, छापील प्रतीवरून लिहिलेलें’ असें लिहावें, आणि मंडळाच्या पत्त्यावर आम्हांस एक ओळ पाठवावी.